दोऱ्याचं टोक

फ्लॅट स्वस्त होता, कारण त्याच्याकडे कुणी ढुंकून बघत नव्हतं. भिंतींना ओल, नळांना गंज, दारं फुगलेली. सहा वर्षं कुलूप होतं, असं एजंटच म्हणाला.

"अठरा वर्षं लोकांचे कपडे शिवून पैसे साठवलेस," नवरा म्हणाला, "ते या खुराड्यात घालायचे? इथे पालसुद्धा फुकट राहणार नाही." मग तो एजंटबरोबर बाथरूम बघायला गेला.

मी आतल्या खोलीत गेले. खिडकीला पडदा होता आणि त्याची खालची दुमड अर्धीच शिवलेली होती. टाके निरखायची मला खोडच आहे. बारीक, तिरके टाके, दर चौथा जरा लांब. असे टाके माझी आई घालायची, आणि त्यावरून मी तिच्याशी कितीदा भांडले होते. तिला जाऊन अकरा वर्षं झाली. या शहरात तिने कधी पाऊलही टाकलं नव्हतं.

शेवटच्या टाक्याजवळ सुई टोचलेली होती. तिच्यातून निसटलेला दोरा लोंबत होता.

शेवटी शेवटी आईला दिसायचं नाही. ती दोऱ्याचं टोक ओठांत ओलं करायची आणि सुईदोरा माझ्यापुढे धरायची. "एवढं ओवून दे गं."

मी दोरा हातात घेतला. टोक ओलं होतं.

"काय मग, काय ठरलं?" बाहेरून नवऱ्याने विचारलं.

"घेऊ या," मी म्हणाले.

सुई ओवली आणि सवयीने हात बाजूला धरला. माझ्या बोटांतून ती अलगद काढून घेतली गेली.