पहिल्या हाकेला

स्लोव्हेनियात एकटीनं गाडी चालवायची, या विचारानं आठवडाभर मला धड जेवण जात नव्हतं. शेवटी ज्यांच्या घरी उतरणार होते, त्या वेस्नाबाईंनाच दुपारी भिसेगावातून व्हिडिओ कॉल लावला.

त्यांनी इंग्रजीत सगळं नीट समजावलं. टोलचं स्टिकर सीमेआधीच घ्या. घाटात गुरं आडवी आली तर हॉर्न मारू नका. मी भराभर लिहून घेत होते. तेवढ्यात मागच्या दाराकडून आईची हाक आली, "रिया गं!"

"आले!" मी बसल्या जागेवरून ओरडले.

वेस्नाबाई म्हणाल्या, "आणखी एक. आमच्या डोंगरात पहिल्या हाकेला उत्तर देत नाहीत. दुसरी येईपर्यंत थांबायचं."

मला हसू आलं. "आमच्याकडे वाडीवरची जिजाकाकूपण हेच सांगते."

त्या हसल्या नाहीत. "मग आत्ता तुम्ही काय म्हणालात?"

"आले. म्हणजे, येतेय."

"शब्दशः अर्थ काय?"

मी अडखळले. "शब्दशः... येऊन पोचले."

फोनवर आईचा मेसेज झळकला. 'तासाभरापूर्वीच टेंपोनं चौक गावाला आलेय. तू आंघोळीला होतीस. मागच्या दाराला बाहेरून कुलूप हाय.'

माझा चेहरा बघून वेस्नाबाई घाबरल्या. त्यांनी मोठ्यानं हाक मारली, "रिया! रिया!"

मी तोंड उघडायच्या आत स्वयंपाकघरातून माझाच आवाज आला, "आले!"