मागची झील

“काकू, नमन वाजलं ना? मग झालं. आता जुनं पुसतो.”

“कीर्तनातून मधेच उठू नये रे,” मनोरमाबाई म्हणाल्या. “आरतीपर्यंत बसायचं.”

जितेंद्रने कपाळाला हात लावला. वालीवच्या एका कारखान्यात तो संगणक सांभाळायचा आणि रविवारी मंडळाची कामं फुकट करायचा.

“अहो, दीड तासाचं आहे ते!”

“मग दीड तास. तुझं काय लग्न खोळंबलंय?”

देवळाच्या कचेरीत, कपाटावर रेकॉर्डिंग साठवायचे दोन डबे शेजारी शेजारी घरघरत होते. जुन्यात जयवंतबुवांची सव्वीस वर्षांची कीर्तनं होती. महिनाभर खपून जितेंद्रने ती नव्यात नेली होती. जुना डबा रिकामा करून एका शाळेला द्यायचा होता. बुवांना जाऊन दोन वर्षं झाली होती, तेव्हा पुसण्याआधी त्यांच्या पत्नीचा, मनोरमाबाईंचा, होकार घ्यावा, असं मंडळानं ठरवलं.

बाईंनी आधी सगळं समजून घेतलं होतं. दोन डब्यांमध्ये जोड होती. जुन्यात जे होईल, ते नव्यात आपोआप व्हायचं.

“म्हणजे हा झीलकरी,” त्या म्हणाल्या होत्या. “बुवा म्हणतील ते यानं मागून म्हणायचं.”

“अगदी तसंच. पण बुवा गप्प झाले की हाही गप्प. इथलं पुसलं तर तिथलंही जाणार. म्हणून आधी जोड तोडायची.”

बाईंनी कीर्तनाच्या एका जुन्या पत्रिकेमागे लिहूनही घेतलं होतं. एक, नव्यातलं ऐकणे. दोन, जोड तोडणे. तीन, जुनं पुसणे. संगणकाच्या पडद्याच्या कोपऱ्यात हिरवा ठिपका असेल तर जोड चालू आहे, हेही लिहिलं होतं. आता त्यांच्या कानांना पुन्हा हेडफोन लावून जितेंद्र चहाला निघून गेला.

त्यांनी डोळे मिटले. सुदाम्याचं आख्यान होतं. बुवा होते तोवर घरी कधी रेकॉर्डिंग लागलं नाही. आपलंच आपण काय ऐकायचं, अहंकार वाढतो, असं ते म्हणायचे. आज त्या पहिल्यांदाच समोर बसून ऐकत होत्या. सुदामा द्वारकेच्या वाटेला लागला तशी त्यांची मान डोलू लागली.

वरच्या सुरावर बुवांचा श्वास तुटायचा. तेवढ्यात मागून एक आवाज यायचा आणि तो सूर अलगद उचलून धरायचा. कोण हे इतकं गोड गातंय? क्षणभर त्यांना कळेना. कळलं तेव्हा ऐकायला कुणी नसतानाही त्या लाजल्या.

लग्नाआधी माहेरच्या देवळात त्या स्वतः कीर्तन करायच्या. लग्नानंतर बुवांनी सांगितलं, “गुरूंची आज्ञा आहे. आपल्या गादीवर घरच्या बाईनं उभं राहायचं नाही.” गुरूंचा शब्द म्हटल्यावर प्रश्नच मिटला. त्यांनी नमस्कार केला, झांज उचलली आणि मागे झील धरायला बसल्या. मनात काही आलं तर तेही देवाच्या पायाशी ठेवलं.

आरती झाली. प्रसादाची गडबड उडाली. रेकॉर्डिंग चालूच होतं. माईक लावणारा, शेजारच्या होळी गावचा अँथनी सगळ्या वायरी गुंडाळून झाल्यावरच मशीन बंद करायचा.

“बुवा,” त्याचा आवाज आला, “एकदा वहिनींना पुढे उभं करा ना. आमच्या होळीतली माणसंपण विचारतात, मागे कोण गातं म्हणून. का गुरूंची आज्ञा मोडते?”

“कसली आज्ञा, अँथनी? गुरू काही बोलले नव्हते.” बुवा हसले. “अरे, ती पुढे उभी राहिली तर मला कोण ऐकेल? आणि हे बघ, पुढच्या वेळी तिच्या माईकचा आवाज अजून जरा उतरव.”

खट्ट आवाज झाला आणि रेकॉर्डिंग संपलं.

बाईंनी हेडफोन काढले नाहीत. समोरच्या भिंतीवर बुवांची तसबीर होती. तिच्यावरचा अबोलीचा हार सकाळी त्यांनीच गुंफला होता. नुसतं फसवलं असतं तर त्यांनी एक वेळ गिळलं असतं. पण गुरूंचं नाव घेऊन फसवलं होतं. आणि त्या नावाला त्या रोज हात जोडत आल्या होत्या.

“वाजलं का शेवटपर्यंत?” जितेंद्र आत आला.

“सगळं वाजलं,” त्या म्हणाल्या.

उशीर झाला होता. तो घाईघाईनं खुर्चीत बसला, त्यानं जुन्या डब्यातली सगळी कीर्तनं निवडली. बाईंची नजर कोपऱ्यात गेली. ठिपका हिरवा होता. क्रमांक दोन तो विसरला होता.

पत्रिका त्यांच्या हातात होती. त्यांनी ती घडी घालून मुठीत धरली.

त्यांना काहीच करायचं नव्हतं. नुसतं गप्प बसायचं होतं, आणि ते तर त्यांना चांगलं जमत होतं. एका बोटासरशी सव्वीस वर्षं पुसली गेली असती. कुणी त्यांना बोल लावला नसता. तसबिरीतले बुवा हसतच होते.

“पुसू?” जितेंद्रनं विचारलं.

कानांत अजून सुदामा चालत होता. वर चढत चाललेला तो सूर, आणि तो तुटता तुटता मागून आलेला तो आवाज.

“थांब,” त्या म्हणाल्या. “जोड चालू आहे.”

जितेंद्रचा हात चटका बसल्यासारखा मागे आला. त्यानं कोपऱ्यात पाहिलं आणि जीभ चावली. आधी जोड तोडली. ठिपका विझल्याची दोनदा खात्री केली आणि मगच जुनं पुसलं. नवा डबा शांतपणे घरघरत राहिला.

“बापरे, काकू!” त्यानं कपाळावरचा घाम पुसला. “आज तुम्ही बुवांचा आवाज वाचवलात.”

“बुवांचा नव्हे रे,” मनोरमाबाई म्हणाल्या. “माझा.”