गोधडीचा दोरा

झालं! दुसऱ्याही केकचा चुरा झाला. ग्रेसीने सुरी ओट्यावर आपटली आणि ताटातल्या पिवळ्या भुग्याकडे नुसती बघत राहिली. आता एकच केक उरला होता. साडेआठ वाजले होते, आणि नऊला दलपतभाई येणार होते.

दलपतभाईंचं विसरवाडीच्या फाट्यावर हॉटेल. सुरतेकडच्या बसगाड्या तिथे चहाला थांबतात. महिनाभर मागे लागून ग्रेसीने त्यांना कसंबसं राजी केलं होतं. "वीस काप करीसन आन," ते म्हणाले होते. "पन अख्खा पाहिजेत. फरसाणना चुरा शेच मन्हाकडे." काप पसंत पडले तर रोजचा माल. नाही पडले तर ओव्हन परत करायचा, हे तिच्या नवऱ्याने, रोशनने, स्पष्टच सांगितलं होतं.

केक काही वाईट नव्हता हो. उलट इतका हलका झाला होता की बोट लावलं तरी दबायचा, आणि तिथेच घोडं अडलं होतं. ग्रेसीने सुरीला धार लावली. गरम पाण्यात बुडवून पाहिली. मोबाईलवरची बाई हसत हसत कापत होती तसं हसूनही पाहिलं. केक मोडायचा तो मोडलाच.

दारात तूर निवडत बसलेली सासू, मार्थाबाई, हे सगळं मुकाट बघत होती. ग्रेसीचं माहेर लोणखेड्याचं. नवापूरकडच्या डोंगरातली सासरची बोली तिला अजून येत नव्हती, म्हणून दोघी बाजारातल्या अहिराणीत बोलायच्या, तेही कामापुरतं. एका केकला आठ अंडी लागायची. ग्रेसी ती फोडायला लागली की म्हातारी हातातलं काम टाकून अंगणात निघून जायची. उधळपट्टी बघवत नसेल, असं ग्रेसीने धरून ठेवलं होतं. पण रोशन तर छाती फुगवून सांगायचा, "आई पोल्ट्रीत कामाला होती. आम्ही पाची भावंडं रोज अंडं खाऊन वाढलो!" मग या बाईला अंड्यांचं एवढं काय? हे कोडं काही तिला सुटत नव्हतं.

"तू दाबी ऱ्हायनी," मार्थाबाई एकदम म्हणाली. "सुरी ठेव बाजूले."

ती उठली. गोधडी शिवायच्या दोऱ्याचं नवं रीळ काढलं, हातभर दोरा तोडला, पाण्यातून काढला आणि एक टोक सरळ दातात धरलं.

"आई, तोंडात नका! गिऱ्हाईकाचा माल शे!" ग्रेसी ओरडलीच.

मार्थाबाई ओशाळली. तो दोरा टाकून तिने दुसरा तोडला, एक टोक सुनेच्या हातात दिलं, दुसरं स्वतः धरलं. दोघींनी दोरा केकवर ताणला. "दाबू नको. नुसता उतरू दे." दोरा खाली गेला. तळाशी पोहोचला तसा मार्थाबाईने तो आडवा ओढून घेतला. काप अलगद बाजूला झाला. कणभरही सांडलं नाही. ग्रेसी बघतच राहिली. अगं बाई, एवढं सोपं?

एक, दोन, पाच, दहा. दर कापानंतर मार्थाबाई दोरा दोन बोटांच्या चिमटीतून ओढायची, बोटाला लागलेलं जिभेला लावायची, हात धुऊन पुसायची आणि पुढचा काप घ्यायची. ग्रेसीला वाटलं, म्हातारीला केक आवडलेला दिसतोय. तिने ताटातल्या चुऱ्यातला चांगला मोठा तुकडा पुढे केला.

"नको," मार्थाबाई म्हणाली. आणि पुन्हा दोऱ्याचंच चाटलं.

कमाल आहे! समोर ताटभर केक पडलाय, तो नको, आणि दोऱ्याला लागलेलं हवं?

नऊला दलपतभाई आले. त्यांनी एक काप उचलला, उजेडात धरला, तळहातावर उलटा केला, मग खाल्ला. दुसराही खाल्ला. "मशीन शे का काय तुन्हाकडे?" त्यांनी विचारलं, आणि उरलेले अठरा काप डब्यात भरून घेतले. "उद्यापासून रोज चाळीस." त्यांची मोटारसायकल वळणाआड गेली तेव्हा कुठे ग्रेसीचा जीव भांड्यात पडला. तिने धावत येऊन सासूचे दोन्ही हात धरले.

"आई, तुम्ही तर कधी केक कापा नही. मंग हाई कोठे शिकनात?"

मार्थाबाईने हात सोडवून घेतले आणि दोऱ्याचं रीळ उचललं. मग तिने सांगितलं. पोल्ट्रीतून संध्याकाळी घरी निघताना प्रत्येक बाईला एक अंडं मिळायचं, चीर गेलेलं. एकच. ते ती घरी उकडायची. सुरीने कापलं की बलक फुटायचा, एकाला जास्त जायचा, एकाला कमी, आणि पोरांची रडारड व्हायची. म्हणून दोरा. एक टोक दातात, एक हातात, आणि अंडं तळहातावर. बरोबर सात चकत्या निघायच्या, प्रत्येकीत थोडा थोडा बलक. कोणी रडायचं नाही.

रोशनचं ते 'रोज अंडं' ग्रेसीला आठवलं. ती मनातल्या मनात मोजू लागली. पाच पोरं. सासरे. सासऱ्यांची आई. सात झाले.

"आन तुमना वाटा, आई?"

मार्थाबाई रिळाला दोरा गुंडाळत होती. तिने वर पाहिलंसुद्धा नाही.

"दोराले जे चिकटे, ते मन्हं."