चार एल्फ आणि एक बेडूक

"उंच, गोरापान, सरळ नाक, टोकदार कान." फासे टाकत गोष्ट रंगवायच्या खेळाआधी आपापलं पात्र मोठ्यानं सांगायचं, ही आमच्या टेबलाची रीत. चौघांनीही ओळीनं एल्फच, म्हणजे परदेशी परीकथांतले ते देखणे यक्ष, सांगितले. जादूच्या दुनियेत ढीगभर जमाती मोकळ्या पडल्यात आणि यांना स्थळाच्या जाहिरातीतलं रूपच हवं!

माझी पाळी आली. "बेडूकमाणूस. ठेंगणा, काळा, पाठभर चामखिळी."

सगळे फिदीफिदी हसले. माझा होणारा नवरा निहार खेळ चालवत होता. त्यानं कपाळाला हात लावला. "अगं, ते ध्यान कोणी घेत नाही. खेळात तरी देखणी हो!"

"खेळात तरी?" मी फासे खाली ठेवले. "परवा साखरपुड्यात तुझी आई सगळ्यांदेखत म्हणाली, 'मुलगी हुशार आहे, पण रंगानं डावी.' तेव्हा तू मान खाली घालून बसलास. मला वाटलं, आईच्या बोलण्यानं शरमलास. तुला ते पटलं होतं होय?"

निहार अगदी परवासारखाच मान खाली घालून बसला.

मी बोटातली अंगठी काढून त्याच्या पुढ्यात ठेवली. "बेडूक बरा रे," मी म्हणाले. "वेळ आली की डराव तरी करतो."