उजव्या हाताची मूठ

सकाळी साडेदहाला कडूबाईनं उजवा हात परीक्षकांच्या टेबलावर ठेवला. भाजून बरी झालेली कातडी गुलाबी, ताणलेली. बोटं सरळ.

"मूठ वळा," परीक्षक म्हणाले.

बोटं हलली नाहीत.

उस्मानाबादच्या एका दवाखान्यात फिजिओथेरपी सहायकांच्या पहिल्या तुकडीची ही शेवटची परीक्षा. साल १९८४. प्रत्येकीला एक रुग्ण दिला होता. रुग्णात सुधारणा दिसली तर पास. चांगुणाकडं कडूबाई होती.

तेरखेड्याच्या बाजूला फटाक्यांच्या एका शेडमध्ये वैशाखात स्फोट झाला. कडूबाईच्या शेजारी बसलेल्या दोघी गेल्या. तिचा हात वाचला, पण आखडला. शेड पुन्हा सुरू झाली. दिवाळी जवळ येत होती, सवयीचे हात हवे होते. शेतात सलग तिसऱ्या वर्षी काही पिकलं नव्हतं. सासरे धोंडीबा दर आठवड्याला तिला एसटीनं आणत आणि एकच विचारत, "वळती का मूठ?"

मूठ वळत होती. गेल्या मंगळवारी व्हरांड्यात कडूबाई आपल्या लेकीची वेणी घालत होती, ते चांगुणानं पाहिलं होतं.

"बाई, कुणाला बोलू नका," कडूबाई तेव्हा म्हणाली होती. "हात बरा दिसला की मामंजी परत फटाक्यात दारू भराया बसवत्याल."

आता परीक्षक चांगुणाकडं बघत होते. "चार महिने उपचार केले, का गप्पा मारल्या?"

"अजून वळत नाही, सर."

"मग तुम्ही नापास." त्यांनी पेन उचललं.

कडूबाईनं त्यांच्या हातातलं पेन उजव्या हातानं काढून घेतलं आणि त्याभोवती मूठ मिटली. घट्ट.

"बाईचं काय चुकलं न्हाय, सायेब. म्याच खोटं केलं."

धोंडीबा दारात उभे होते. त्यांनी मूठ पाहिली.

"मला तरी सांगायचं व्हतंस, पोरी," ते म्हणाले. मग परीक्षकांसमोर येऊन त्यांनी टोपी काढली. "सायेब, शेडच्या मालकाचा मानूस रोज दारात येतोय. मूठ वळत न्हाय असंच लिहा. त्यो कागद दावला तरच हिचा नाद सोडत्याल. दर येळंला इचारत व्हतो, ते ह्याच भ्यानं."

परीक्षकांनी चांगुणाकडं पाहिलं. तसं लिहिलं तर ती नापास होणार होती.

अकराला पुढच्या मुलीला आत बोलावलं. तोवर चांगुणाच्या नावापुढं काहीही लिहिलेलं नव्हतं.