झोपलेली पानं

प्राध्यापक कुमारनं वनस्पतींच्या वर्गीकरणाचं एक जुनं, दुर्मीळ पुस्तक तामलवाडीच्या घरी आणलं होतं. दिवसभर तो त्यातली हातानं रंगवलेली चित्रं बघत बसला होता.

दिवेलागणीला त्याची आई सिताबाई म्हणाली, "ठिव आता ते. झाडं झोपली, हात लावू नगं."

"आई, ही तर चित्रं!" हसत त्यानं पान उलटलं.

सकाळी चित्रात पसरलेली तरोट्याची पानं आता मिटली होती. पुढं चिंचेची, लाजाळूची, सगळीच मिटलेली.

शेवटच्या पानावर एक वेल होती. लेखकानं तिला नाव दिलं नव्हतं, कुठल्याच कुळात घातलं नव्हतं. तिची पानं सताड उघडी होती, आणि सगळी कुमारकडं वळलेली.

आई केव्हाच चुलीपाशी गेली होती. तिथूनच तिनं दबक्या आवाजात विचारलं, "कोण जागं झालं रं?"