शेवटचा भाग

"रोज जेवण लांबवून वीस भाग बघितले, आणि खुनी कोण ते सांगितलंच नाही!" निवृत्त फौजदार घोसाळकरांनी रिमोट सोफ्यावर आपटला. मालिकेतल्या इन्स्पेक्टरने फाईल मिटून कपाटात ठेवली होती आणि पडद्यावर नावं धावत होती.

"अहो, मालिकाच आहे ती," बायको म्हणाली.

"म्हणून काय झालं? माणसाला शेवट कळायला नको?" त्यांनी तावातावाने चॅनेलवाल्यांना पत्र लिहायला घेतलं. 'प्रेक्षकांना असं अधांतरी ठेवणं हा निव्वळ निर्दयपणा आहे,' एवढं लिहून होतंय तोच बेल वाजली. पत्र हातात घेऊनच त्यांनी दार उघडलं.

दारात सरूबाई होत्या. बारा वर्षांपूर्वी त्यांच्या मुलाचा खून झाला, तेव्हा 'गुन्हा खरा, आरोपी सापडत नाही' असा शेरा मारून घोसाळकरांनीच फाईल बंद केली होती. सरूबाईंना ते सांगायचं मात्र राहूनच गेलं. दरवर्षी मुलाच्या श्राद्धाला खिरीचा डबा घेऊन त्या येत आणि एकच विचारत.

"साहेब, काही कळलं का?"

"तपास चालू आहे, मावशी," घोसाळकर दरवर्षीसारखंच म्हणाले, आणि हातातलं पत्र त्यांनी पाठीमागे लपवलं.